आधी पैसे, मागाहून सही

आमच्या गावकरी मंडळाच्या लोखंडी कपाटात एक लांबोडी वही आहे. लाल कापडी बांधणीची, वाणी उधारीला वापरतो तसली. पहिल्या पानावर 'श्री' नाही. नुसतं 'मयत फंड' लिहिलंय आणि खाली वर्ष, १९७१. मंडळाची खोली लालबागला, गाव रत्नागिरी जिल्ह्यात. गिरणीत कामाला आलेल्या आमच्या वाडवडलांनी हा फंड काढला. परक्या मुलखात माणूस गेला तर खांदे द्यायला माणसं भरपूर जमत, पण खर्चाला हात कोणी घालायचा यावरून दारातच कुजबूज सुरू होई, हे त्याचं कारण. घरटी महिना आठ आण्यांनी सुरू झालेली वर्गणी मी खजिनदार झालो तेव्हा वीस रुपयांवर आली होती.

या फंडाचा मुख्य नियम मंडळाच्या घटनेत सापडणार नाही, पण तो कोणी मोडल्याचं मला आठवत नाही. मयत झाल्याचं कळलं की खजिनदाराने तासाभरात रोख रक्कम त्या घरी पोचवायची. घरातल्या कर्त्याच्या हातात द्यायची नाही, कारण त्या वेळी तो भानावर नसतो. जो पोरगा धावपळ करतोय त्याच्या खिशात कोंबायची. वहीत सही घ्यायची ती तेरावं झाल्यावर. जुनी मंडळी म्हणत, आधी पैसे, मागाहून सही.

मी अकरा वर्षं ते काम केलं. रात्री दोनला दार वाजलं तरी बायको आधी कपाटाची किल्ली हातात द्यायची आणि मग विचारायची, कोण गेलं? एवढ्या वर्षांत मी कोणाकडे उत्पन्नाचा दाखला मागितला नाही, रेशनकार्डाचा रंग पाहिला नाही. आणि एकदाही खोटं मयत निघालं नाही.

हे सगळं आठवायला निमित्त झालं ते मोबाइलवर आलेल्या एका क्यूआर कोडचं. गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला तो चौकोन आला. खाली दोन ओळी : तिसऱ्या मजल्यावर काम करणाऱ्या मावशींचे मिस्टर वारले, अंत्यविधीसाठी मदत हवी आहे, जमेल तेवढी पाठवा. त्याच्या वर कोणीतरी पार्किंगबद्दल लिहिलं होतं आणि खाली लगेच कोणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक आला. अर्ध्या तासात साडेसहा हजार जमले. लोक वाईट नाहीत. पण माझ्या डोळ्यांपुढे ती बाई आली, जी त्या वेळी एका खाजगी रुग्णालयाच्या पायरीवर बसून मिनिटामिनिटाला मोबाइलवर जमा रक्कम बघत होती. नवरा गेल्याला दोन तास झाले होते आणि तिला रडायला वेळ नव्हता.

मी गेलो. घरी आल्यावर, सवयीने म्हणा, हिशेब लिहून काढला. बिलाचे बावीस हजार राहिले होते, त्यासाठी चार तास मृतदेह मिळाला नाही. (बिल थकलं म्हणून मृतदेह अडवायचा नाही, असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत स्पष्ट आहे. त्या रात्री काउंटरवरच्या मुलाला मी ते सांगितलं, तर तो म्हणाला, काका, मला पण नोकरी आहे.) शेवटी कोणीतरी हमी लिहून दिली. मग मानखुर्दपर्यंतची गाडी, साडेतीन हजार. शवागारातल्या माणसाला पाचशे. बांबू, मडकं, कापड, हार, तूप वगैरे सामान एकत्र बांधून मिळतं, ते दोन हजार सहाशे. गुरुजींना तीन हजार. नातेवाइकांना न्यायला-आणायला टेम्पो, अठराशे. स्मशानात चहापाणी म्हणून एक हजार. बिल सोडून बेरीज बारा हजार चारशे.

आणि लाकूड? लाकूड फुकट होतं. मुंबई महापालिका आपल्या स्मशानभूमीत सरणाला लाकूड मोफत देते, एका चितेला साधारण तीनशे किलो. ही फार मोठी गोष्ट आहे आणि शहरात जन्म काढलेल्या कित्येकांना ती वेळ येईपर्यंत माहीतही नसते. पण त्या रात्री माझ्या कागदावर जे दिसलं ते असं : लाकूड सोडून सगळ्याला पैसे पडले.

आता सरकारी मदतीकडे येऊ. मदत नाही असं नाही. मदत आहे, फक्त माणूस कुठे आणि कसा मेला यावर ती अवलंबून आहे. मावशींचा नवरा रंगारी होता. तो एखाद्या कारखान्यात महिना एकवीस हजारांच्या आत पगारावर असता आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) त्याचं नाव असतं, तर अंत्यविधीचा खर्च म्हणून पंधरा हजारांपर्यंत मिळाले असते. तो बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेला असता, तर वारसाला अंत्यविधीसाठी दहा हजार. परांचीवरून पडून मेला असता, तर नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली मालकाला अंत्यविधीचे किमान पाच हजार भरावे लागले असते. २००९ पर्यंत ही रक्कम अडीच हजार होती. ट्रकखाली आला असता, तर दाव्यात अंत्यविधीचे पंधरा हजारांहून जास्त धरले गेले असते, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१७ मध्ये पंधरा हजारांचा आकडा ठरवून दिला आणि दर तीन वर्षांनी त्यात दहा टक्के वाढ करायला सांगितली. त्याआधी मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टात मेलेल्याच्या नावे दोन हजार रुपये लिहिलेले होते.

पण रंगारी न्यूमोनियाने गेला, खाटेवर. बांधकाम मंडळाकडे त्याने एकदा नाव नोंदवलं होतं. ते दरवर्षी नवं करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर रोज वेगळ्या माणसाबरोबर जाणाऱ्याला नव्वद दिवसांचा दाखला कोण देणार? नोंद बाद झाली. राहता राहिली केंद्राची राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. १९९५ पासूनची ही योजना चांगली आहे. अठरा ते एकोणसाठ वयाचं कमावतं माणूस गेलं तर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एकरकमी वीस हजार देते, आणि घर सांभाळणाऱ्या बाईलाही कमावती मानते. मात्र ही रक्कम २०१२ पासून तेवढीच आहे. साठीच्या पुढचं माणूस गेलं तर योजनेचा संबंध नाही, पोर गेलं तर नाही. आणि कुटुंब दारिद्र्यरेषेच्या यादीत असावं लागतं. मावशींचं रेशनकार्ड केशरी आहे, पिवळं नाही.

म्हणजे चार कायदे, दोन मंडळं आणि एक केंद्रीय योजना यांच्या मधोमध एक माणूस मेला आणि त्याला कोणाचाच हात लागला नाही. बरं, नियमात बसला असता तरी काय झालं असतं? मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, बँकेचं पासबुक, आधार, अर्ज, फोटो, मग तहसील, मग मंजुरी, मग खात्यात पैसे. अंत्यविधी ही महाराष्ट्रात फार तर चोवीस तासांची गोष्ट आहे. पैसे महिन्यांनी येतात. तोवर ज्याने त्या रात्री बारा हजार काढून दिले त्याचं व्याज चालू झालेलं असतं. बचत गटातून घेतलं असेल तर बरं. दर आठवड्याला दारात येणाऱ्या वसुलीवाल्याकडून घेतलं असेल, तर तो दहाव्याच्या आधीही येतो, चपला बाहेर काढून, खाली मान घालून. पण येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की अंत्यविधीची मदत मागाहून देता येत नाही. ती त्या दिवशी द्यावी लागते किंवा दिली नाही असं समजावं लागतं. आणि त्या दिवशी द्यायची तर कोण गरीब हे तपासत बसता येत नाही. म्हणून गाडी, सरण किंवा दाहिनी, खड्डा, तिरडीचं सामान आणि माणसांची मजुरी एवढं सगळं महापालिकेने, नगरपालिकेने, ग्रामपंचायतीने सर्वांसाठी मोफत करावं. रोख नको, अर्ज नको. जे लागतं ते जागेवर मिळावं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : मग बंगलेवालेही फुकट घेतील! घेऊ देत. आग विझवायला आलेला बंब दारात उभा राहून उत्पन्नाचा दाखला मागत नाही. फुकट मिळतं म्हणून कोणी दोनदा मरत नाही. श्रीमंतांना खर्च करायचाच असतो. ते चंदन आणतात, फुलांची गाडी करतात, त्यांना करू द्यावं. पण दारिद्र्य सिद्ध करण्याची अट घातली की ती नेमकी त्यांच्याच अंगावर पडते ज्यांच्या अंगावर ती पडू नये. मुंबईत लाकूड मोफत आहे ते सगळ्यांना, म्हणूनच ते त्या रंगाऱ्याला मिळालं. तिथे खिडकीवर पिवळं कार्ड मागितलं असतं, तर माझ्या कागदावर आणखी एक आकडा वाढला असता.

दुसरा आक्षेप जरा जास्त शहाणा आहे. हे काम सरकारचं आहे का? घरच्यांचं, भाऊबंदांचं, समाजाचं नाही का? कायद्याचं उत्तर तर सरळ आहे. राज्यघटनेच्या राज्यसूचीत दफन आणि दहनाच्या जागा हा विषय आहे. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे द्यायच्या कामांत दफनभूमी, स्मशानं आणि विद्युतदाहिन्या लिहिलेल्या आहेत. महापालिका अधिनियमात मृतांच्या विल्हेवाटीच्या जागा राखणं आणि बेवारस मृतदेहांची व्यवस्था हे बंधनकारक कर्तव्य आहे, म्हणजे गटार आणि पाणी यांच्या पंगतीतलं. घर नसलेल्या माणसालाही सन्मानाने अंत्यविधी मिळाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केलं आहे. थोडक्यात, बेवारस माणसाचा खर्च महापालिका करतेच. विचित्र भाग असा की माणसाला रडणारी बायको असली की तो खर्च तिच्यावर येतो.

पण समाजाचं काय, हा प्रश्न मला कायद्यापेक्षा जवळचा आहे, कारण मी त्याच समाजाची वही सांभाळली. तिच्याबद्दल गोडगोड आठवणी सांगणं सोपं आहे. वही नीट वाचली तर तिच्यात कोण नाही हेही दिसतं. फंड गावचा होता, आणि गाव म्हणजे खरं तर दोन वाड्या. तिसऱ्या वाडीची माणसं याच चाळीत राहत, त्यांचा फंड वेगळा. जातीबाहेर लग्न केलेल्या एका मुलीचा बाप वारला तेव्हा पैसे पोचले, पण तीच मुलगी पुढे गेली तेव्हा खजिनदाराला कोणी उठवलं नाही. शेजारच्या खोलीत आझमगडचा एक दूधवाला होता. त्याच्या मयताला आम्ही रक्कम दिली, आणि पुढच्या सभेत त्यावर दीड तास चर्चा झाली. ती दीड तासांची चर्चा इतिवृत्तात दोन ओळींत आटोपली आहे. इतिवृत्तं अशीच असतात.

आणि आता ती वहीसुद्धा जवळजवळ बंद आहे. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, चाळी पडून टॉवर उभे राहिले, वर्गणीदार दिवा, बदलापूर, नालासोपाऱ्याला गेले. रात्री दोनला पैसे घेऊन चालत जाण्याचं अंतर राहिलं नाही. पश्चिम महाराष्ट्रात भावकी अजून टिकून आहे, मयताच्या घरी शेजारून पिठलं-भाकरी येते, सरणाला कोणीतरी बांधावरचं झाड देतं. मुस्लिम जमातीत कफन-दफनाचा खर्च बैतुलमालातून, म्हणजे जमातीच्या सामाईक निधीतून, निघतो. हे सगळं चालू राहावं. पण जो माणूस आपल्या वाडीपासून, जमातीपासून, जातीपासून तुटून शहराच्या काठावर राहतो, त्याच्यासाठी समाज म्हणजे ग्रुपवरचा तो चौकोन. तिथे मदत मिळते ती मरणाच्या गरजेप्रमाणे नाही, ग्रुपवर कोणाचं नाव किती जणांना माहीत आहे त्याप्रमाणे. मावशी आमच्या इमारतीत नऊ वर्षं आहेत. कालच कामाला लागलेल्या बाईला किती जमले असते?

दुसऱ्या राज्यांनी थोडं काही केलं आहे. बिहारमध्ये कबीर अंत्येष्टी अनुदान म्हणून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीन हजार मिळतात. पश्चिम बंगालमध्ये 'समव्यथी' नावाची दोन हजारांची मदत आहे. ओडिशात गावात दोन हजार, शहरात तीन हजार, आणि योजनेचं नाव आहे हरिश्चंद्र सहायता. रक्कम लहान आहे, पण बिहारच्या योजनेत एक कल्पना चांगली आहे : पैसा आधीच पंचायतीकडे ठेवायचा, म्हणजे वर जाऊन मंजुरी आणायची गरज राहू नये.

ओडिशातलं ते नाव मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. हरिश्चंद्र कोण? आपल्याकडे लहानपणी ज्याची गोष्ट सत्यवचनी राजा म्हणून सांगतात तो. पण गोष्टीचा शेवट कुठे होतो? स्मशानात. डोंबाघरी राबणारा राजा स्मशानाचा कर वसूल करतोय आणि समोर त्याचीच तारामती मेलेल्या रोहिदासाला घेऊन उभी आहे, जिच्याकडे द्यायला अंगावरच्या वस्त्राखेरीज काही नाही. तो तिला ओळखतो आणि तरीही कर मागतो, कारण नियम म्हणजे नियम. आपण हजारो वर्षं त्याच्या सत्यनिष्ठेपुढे हात जोडत आलो. एकदा तिच्या बाजूने बघायला हवं. गोष्टीत देव प्रकट होतात आणि पोर उठून बसतं. तहसील कचेरीत तसं होत नाही. तिथला कारकून नियमानेच वागतोय, त्याला दोष देऊन उपयोग नाही. दाराशी कर मागण्याचा नियमच काढायला हवा.

तो काढता येतो, हे कोल्हापूरने दाखवलं आहे. पंचगंगेच्या काठावरच्या स्मशानात महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते. पण मला त्याहून आवडतो तो तिथला शेणीदानाचा प्रकार. दहन शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर, होतं, आणि शेणी मोठ्या प्रमाणावर लोक देतात. होळीला पेटवून टाकण्याऐवजी गल्लीगल्लीची तरुण मंडळं गाड्या भरून शेणी स्मशानात आणून टाकतात. यात पालिका आणि लोक एकमेकांवर काम ढकलत नाहीत. व्यवस्था पालिकेची, ती सर्वांसाठी. लोकांचं दान त्या व्यवस्थेत जातं. देणाऱ्याला माहीत नसतं आपली शेणी कोणाखाली जळली, आणि घेणाऱ्याला कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत. ज्या मदतीत घेणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, ती मला क्यूआर कोडपेक्षा चांगली वाटते.

दादरच्या स्मशानभूमीला भागोजी कीर यांचं नाव आहे, तेही रत्नागिरीचे, हे आमची मंडळी अभिमानाने सांगतात. एका श्रीमंताच्या दानावर अशी एक जागा उभी राहते. शंभर जागा उभ्या राहायला नियम लागतो.

गाडीचा प्रश्न मी वेगळा काढतो, कारण माझ्या कागदावर बिल सोडलं तर सगळ्यात मोठा आकडा तोच होता आणि शहराबाहेर तर तोच खरा प्रश्न आहे. १०८ ची रुग्णवाहिका जिवंत माणसासाठी आहे. ती मयत नेत नाही आणि ते बरोबरच आहे. मग मयत कोण नेणार? सप्टेंबर २०२४ मध्ये गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यात आई-बाप दोन लेकरांचे मृतदेह खांद्यावर घेऊन चिखलातून चालत गेले, ते चित्र साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. जून २०२५ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका बापाने नाशिकहून आपल्या मेलेल्या अर्भकाला पिशवीत घालून एसटीने गावी नेलं. रुग्णवाहिका मिळाली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. एसटीत तिकीट काढताना कंडक्टरने पिशवीकडे बघितलं असेल का? मी त्या बापाच्या जागी असतो तर पिशवी मांडीवर ठेवली असती, वरच्या फळीवर नाही. एवढाच विचार मला करता येतो, पुढे करवत नाही. जिथे सरकारी रुग्णालय आहे तिथे मयत घरापर्यंत पोचवणं हा उपचाराचाच शेवटचा भाग मानायला हवा. रुग्णाला आणण्याची सोय आहे आणि नेण्याची नाही, अशी सेवा अर्धीच राहते.

गावात लाकडाचं निराळं. तिथे स्मशान म्हणजे पुष्कळ ठिकाणी ओढ्याकाठची मोकळी जागा. जनसुविधा योजनेतून शेड येते, कधी रस्ता आधी येतो आणि शेड राहते, कधी शेड येते आणि पावसाळ्यात तिथवर जाताच येत नाही. वरून ताडपत्री धरून खाली सरण पेटवणारी माणसं मी पाहिली आहेत. ओलं लाकूड पेटत नाही, रेशनचं रॉकेल जवळजवळ बंद झालंय, म्हणून डिझेल आणायचं. आणि ज्यांना गावच्या स्मशानात जागाच नाही, त्यांना तर पैसे असूनही उपयोग नसतो. भटक्यांच्या पालावर, काही दलित वस्त्यांत, दफनाची चाल असलेल्या छोट्या समाजांत हा रोजचा अनुभव आहे. पैशाच्या आधी जागा, हे तिथे सांगावं लागतं.

आणि त्या हजार रुपयांच्या चहापाण्याचं. मी ते लिहिलं तेव्हा रागाने लिहिलं नाही. रात्री तीनला ज्या दोन माणसांनी सरण रचलं, त्यातल्या एकाच्या पायात स्लीपर होत्या. हे काम करणारे बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींतूनच येतात. मोफत अंत्यविधीची घोषणा करायची आणि मजुरी त्यांच्या पोटातून कापायची, तर तो खर्च फक्त एका गरिबाकडून दुसऱ्या गरिबाकडे सरकतो. त्यांना पुरा पगार, हातमोजे, बूट आणि रात्रपाळीचा भत्ता द्या, मग चहापाणी मागू नका असं सांगायचा अधिकार मिळेल.

एक गोष्ट मात्र मी सरकारकडे मागणार नाही. दिवस घालण्याचा खर्च. माती आणि दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कर्जाचा मोठा डोंगर बहुतेक वेळा दुसरीमुळे होतो. दहाव्याला मंडप, प्रवचनकार, पाचशे पानं, टॉवेल-टोप्या, चौकात फ्लेक्स, आणि तालुक्याचे पुढारी येऊन श्रद्धांजलीची भाषणं करणार म्हणून माइक. बापाच्या दवाखान्याला जेवढे गेले नाहीत तेवढे तेराव्याच्या गोड जेवणाला गेले, असं सांगणारा माणूस प्रत्येक गावात भेटतो. सत्यशोधकांनी हे विधी साधे करायला १८७३ पासून सांगितलं, गाडगेबाबांनी कीर्तनातून कर्ज काढून जेवणावळी घालणाऱ्यांची खरडपट्टी काढली, आणि लोकांनी बाबांना मनापासून हात जोडले आणि मंडप थोडा मोठा केला. हा खर्च सरकारने उचलला तर मंडप आणखी वाढेल. काही गावांत राख नदीत न सोडता शेतात टाकून वर झाड लावतात, जेवण बंद करतात. हे गावाने ठरवायचं, आणि ठरवताना आधी ज्यांचं वजन आहे त्यांनी आपल्या घरी करून दाखवायचं. गरिबाच्या दहाव्यापासून सुधारणा सुरू करण्याची आपल्याला फार हौस आहे.

वारसाचा एक मुद्दा राहिला. रोख मदत द्यायची म्हटली की वारस कोण हा प्रश्न येतो. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव फुले गेले तेव्हाही टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेत पुढे धरायचं मडकं, कोणी धरायचं यावरून दत्तक मुलाच्या हक्काचा वाद निघाला होता, आणि सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतलं. आज सव्वाशेहून जास्त वर्षांनी लग्नाची नोंद नसलेल्या बाईला, सून म्हणून न नोंदलेल्या सुनेला, मित्राला अर्जावरचा 'नाते' हा रकाना अडवतो. राज्य विमा योजनेत यावर चांगली तोड आहे : कुटुंब नसेल किंवा बरोबर राहत नसेल, तर ज्याने प्रत्यक्ष अंत्यविधी केला त्याला खर्च मिळतो. गाडी आणि सरणच मोफत असेल तर तो रकानाही लागत नाही. चितेला नातं विचारावं लागत नाही.

आमच्या मंडळाच्या फंडात आता एकोणीस हजार दोनशे रुपये आहेत. गेल्या सभेला नऊ जण होते. पैसे वाटून टाकावेत असं एकाने सुचवलं, देवळाच्या कळसाला द्यावेत असं दुसऱ्याने. मी वेगळं मागितलं. आमच्या भागातल्या महापालिकेच्या स्मशानात आणि जवळच्या रुग्णालयाच्या शवागाराबाहेर एक-एक फलक लावायचा. लाकूड मोफत आहे. बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही. राज्य विम्यात नाव असेल तर इथे विचारा, बांधकाम मंडळात असेल तर तिथे. मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत, शोधावं लागणार नाही अशा उंचीवर. परवानगीसाठी अर्ज दिला आहे. तिथल्या साहेबांनी विचारलं, फलकावर मंडळाचं नाव टाकणार का? मी नाही म्हणालो, तेव्हा त्यांना जरा संशय आला.

पेंटर दोन फलकांचे सहा हजार म्हणतोय. मावशींच्या नवऱ्याबरोबर काम करायचा तो.